गवंड्याचा हात आणि कागद: काम येतं की नाही, हे तपासतात कसं?

सतराव्या वर्षी बिगारी म्हणून घमेली उचलायला लागलेला मुलगा. दोन वर्षांनी मिस्त्रीने त्याच्या हातात थापी दिली. आधी मधल्या विटा लावायला शिकवलं, मग कोपरा उभा करायला, मग गिलावा. आज तो सदतीस वर्षांचा आहे आणि त्याने बांधलेल्या घरांत किती माणसं राहतात याचा हिशेब त्यालाही सांगता येणार नाही. असा गवंडी आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेला असतो. त्याला शिक्षण विचारलं की तो "सातवी" एवढंच म्हणतो. त्यानंतरची वीस वर्षं तो जे शिकला, तेही शिक्षणच आहे हे त्याला कुणी कधी सांगितलेलं नसतं.

गावात, ओळखीच्या ठेकेदाराकडे, यामुळे काही अडत नाही. तिथे त्याच्या भिंती उभ्या आहेत, कुणीही जाऊन बघावं. अडतं ते लातूरहून पुण्याला किंवा पुण्याहून आखातात जाताना. नव्या ठिकाणी त्याची भिंत कुणी पाहिलेली नसते आणि नुसत्या सांगण्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. मग वीस वर्षांचा मिस्त्री परत अर्धकुशल मजुराच्या रोजावर उभा राहतो.

२०१५ च्या राष्ट्रीय कौशल्य धोरणात एक आकडा होता: भारतातल्या कामकरी माणसांपैकी फक्त ४.६९ टक्के लोकांनी औपचारिक कौशल्य प्रशिक्षण घेतलेलं आहे. शेजारी जर्मनीचा आकडा ७५ टक्के आणि दक्षिण कोरियाचा ९६ टक्के दिला होता. त्यावरून बऱ्याच जणांनी "आपल्याकडे कौशल्यच नाही" असा निष्कर्ष काढला. मला तो साफ चुकीचा वाटतो. आपली घरं, शाळा, धरणांचे कालवे त्या उरलेल्या पंचाण्णव टक्क्यांच्याच हातून उभे राहिलेत. कौशल्य आहेच. ते कुणी नीट बघून, तपासून लिहून दिलेलं नाही.

हे बघून लिहून देणं म्हणजेच कामावर आधारित व्यावसायिक पात्रता. ऐकायला सोपं आहे, करायला फार अवघड. का अवघड, ते या लेखात गवंड्याचंच उदाहरण घेऊन बघू.

कुठे शिकलास ते विचारू नका

शाळा-कॉलेजची पदवी सांगते की या माणसाने अमुक वर्षं अमुक अभ्यासक्रम शिकला आणि शेवटी परीक्षा दिली. कामावर आधारित पात्रता वेगळंच सांगते: या माणसाला हे काम, या दर्जाचं, करता येतं. तो ते आयटीआयमध्ये शिकला, बापाकडून शिकला की साइटवर शिव्या खात शिकला, याच्याशी तिला कर्तव्य नसतं. किती वर्षं लागली याच्याशीही नसतं.

या कल्पनेला मोठं सरकारी रूप दिलं ब्रिटनने. तिथे १९८६ साली व्यावसायिक पात्रतांसाठी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली आणि तिने 'एनव्हीक्यू' म्हणजे राष्ट्रीय व्यावसायिक पात्रता आणल्या. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडसाठी एनव्हीक्यू, स्कॉटलंडसाठी तशाच एसव्हीक्यू. एकूण पाच पातळ्या. लेखी परीक्षेऐवजी प्रत्यक्ष कामाच्या जागी तपासणी. पुढे तिथल्या चौकटी दोन-तीनदा बदलल्या, तरी बांधकामात हे नाव अजून टिकून आहे. ब्रिटनमधल्या बहुतेक मोठ्या साइटवर कुशल कामगाराकडे एक कार्ड मागतात. निळं कार्ड मिळवायला दुसऱ्या पातळीची एनव्हीक्यू लागते आणि सोनेरी कार्डासाठी तिसऱ्या पातळीची. कार्डाच्या रंगावरून साइटच्या दारातच कळतं, आत आलेला माणूस काय करू शकतो.

भारतात अशी चौकट २७ डिसेंबर २०१३ ला अधिसूचित झाली: राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकट, बोलीत 'एनएसक्यूएफ'. सुरुवातीला तिच्यात दहा पातळ्या होत्या. २०२३ मध्ये ती सुधारून आठ पातळ्यांची केली, मध्ये काही अर्ध्या पातळ्या ठेवून. या सगळ्यावर देखरेख ठेवणारी राष्ट्रीय परिषद, एनसीव्हीईटी, २०१८ मध्ये अधिसूचित झाली आणि २०२० मध्ये कामाला लागली. आणि आपल्या गवंड्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतला आरपीएल हा भाग. आधी जे शिकून झालंय त्याला मान्यता, असा त्याचा अर्थ.

पातळ्यांबद्दल एक गैरसमज आहे. वरची पातळी म्हणजे जास्त अवघड विटा लावणं नव्हे. बिगाऱ्याला सांगितलेलं काम नीट करावं लागतं. गवंड्याला आपल्या भिंतीची जबाबदारी स्वतः घ्यावी लागते. सुपरवायझरला दहा गवंड्यांच्या भिंतींची. पातळी चढते ती मुख्यतः जबाबदारी आणि स्वतः निर्णय घेण्याची मोकळीक वाढते तशी.

भिंत कागदावर कशी उतरवायची

तपासायचं असेल तर आधी काय तपासायचं ते लिहावं लागतं. त्या लिखाणाला आपल्याकडे राष्ट्रीय व्यवसाय मानक म्हणतात. एका कामाची अशी चार-सहा मानकं एकत्र बांधली की त्या कामाची पात्रता तयार होते. प्रत्येक मानकात साधारण तीन प्रकारच्या गोष्टी असतात: माणसाने काय करून दाखवायचं, त्यामागची कोणती माहिती त्याला असायला हवी आणि वाचणं, बोलणं, हिशेब करणं अशी कोणती जोडकौशल्यं लागतात.

आता "गवंड्याला वीटकाम आलं पाहिजे" हे वाक्य मानक म्हणून कुचकामी आहे. कुठल्याही दोन तपासनीसांना त्यातून दोन वेगळ्या गोष्टी दिसतील. म्हणून काम फोडावं लागतं. विटा लावण्याआधी त्या भिजवल्या का? कोरडी वीट मालातलं, म्हणजे सिमेंट-रेतीच्या मिश्रणातलं, पाणी ओढून घेते आणि सांधा कच्चा राहतो. माल कालवल्यावर किती वेळात संपवला? सिमेंटचा माल साधारण अर्ध्या तासात आवळायला लागतो, त्यानंतर पाणी घालून परत कालवलेला माल भिंतीत जाता कामा नये. सांधा किती जाडीचा? साधारण १० मिलिमीटर. खालच्या थरातल्या सांध्यावर वरच्या थरातला सांधा आला का? सांधेमोड झाली नाही, तर भिंतीला उभी भेग पडायला वाटच मिळते. ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) लावला तर भिंत उभ्या रेषेपासून किती सुटते? वीटकामाच्या भारतीय मानकानुसार ३ मीटर उंचीला ६ मिलिमीटरपेक्षा जास्त सुटता कामा नये. एका दिवसात भिंत साधारण दीड मीटरपेक्षा वर चढवायची नाही, नाहीतर खालचा ओला सांधा वजनाने दबतो. आणि बांधून झाल्यावर निदान सात दिवस पाणी मारायचं.

इतकं लिहिलं की ते कुणालाही मोजता येतं. मोजमाप लिहिणं म्हणजे अर्धं काम झालं असं मला वाटतं, कारण मग तपासनीस कोण आहे यावर निकाल कमी अवलंबून राहतो.

पण कामातलं सगळंच असं फोडता येत नाही. रेती आली आणि मुठीत दाबल्यावर हाताला माती लागली, तर मिस्त्री ती परत पाठवतो की चालवून घेतो? ठेकेदार म्हणाला "आज स्लॅबपर्यंत भिंत चढव", तर तो नाही म्हणतो का? ही भिंतीपेक्षा मोठी परीक्षा आहे आणि ती मिलिमीटरमध्ये लिहिता येत नाही. "योग्य प्रकारे", "काळजीपूर्वक" असले शब्द मानकात घालून काही साधत नाही, कारण प्रत्येक जण आपल्या सोयीने ते वाचतो. उलट सगळंच फोडत बसलं तर काय होतं, ते ब्रिटनने पाहिलं. एनव्हीक्यूच्या सुरुवातीच्या वर्षांत मानकं इतक्या बारीक तुकड्यांत लिहिली गेली की तपासनीस आणि कामगार दोघंही खुणा करण्याच्या कागदांत बुडाले. काम बघण्यापेक्षा फाइल भरण्यात वेळ जातो, ही तक्रार तिथे वर्षानुवर्षं होत राहिली.

चार पायऱ्या

अमेरिकेतले वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये डॉक्टरांच्या तपासणीबद्दल एक पिरॅमिड मांडला. तो आपल्या गवंड्याला जसाच्या तसा लागू पडतो. तळाची पायरी: माहीत आहे. त्यावर: कसं करायचं ते माहीत आहे. त्यावर: करून दाखवतो. आणि सगळ्यात वर: रोज, कुणी बघत नसतानाही, तसंच करतो.

लेखी परीक्षा पहिल्या दोन पायऱ्यांपर्यंत पोचते. प्रात्यक्षिक तिसरीपर्यंत जातं. चौथीपर्यंत पोचायचं तर कामाच्या जागी, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या परिस्थितीत जावं लागतं. कामावर आधारित पात्रतेचा सगळा आटापिटा त्या चौथ्या पायरीसाठी आहे. तपासनीस समोर उभा असताना प्रत्येक गवंडी विटा भिजवतो. मे महिन्यात, टँकर आला नसताना, शेवटच्या मजल्यावर तो काय करतो हे खरं बघायचंय.

म्हणून पुरावे अनेक प्रकारचे घेतात. तपासनीसाने उभं राहून पाहिलेलं काम हा सगळ्यात भक्कम. बांधून झालेली भिंत हा दुसरा: ओळंबा, पाणसळ (आडवी पातळी बघायचं साधन) आणि गुण्या (काटकोन बघायचं साधन) लावून ती मोजता येते. तिसरा, ज्याच्या हाताखाली काम केलं त्या इंजिनीअरने किंवा मिस्त्रीने लिहून दिलेली साक्ष. चौथा, कामाचे फोटो, मोजमापवही, हजेरीपत्रक. आणि पाचवा म्हणजे प्रश्नोत्तरं. रोज न घडणाऱ्या गोष्टी प्रश्नांतूनच कळतात. परांची (उंचीवर काम करायला बांधलेलं मचाण) कोसळली तर काय करशील, हे बघण्यासाठी परांची पाडता येत नाही.

प्रश्न विचारणं ही एक कला आहे. गवंड्याला "पायथागोरसचं प्रमेय सांग" म्हटलं तर तो गप्प बसेल. "खोलीचा कोपरा काटकोनात आहे हे कसं बघतोस?" म्हटलं तर तो खिशातून दोरी काढेल, एका बाजूला तीन फुटांवर खूण करेल, दुसऱ्या बाजूला चार फुटांवर, आणि दोन खुणांमधलं अंतर पाच फूट भरलं की मान हलवेल. प्रमेय त्याला येतंच. त्याचं नाव माहीत नाही, एवढंच. चांगला तपासनीस नाव विचारत नाही.

गोळा झालेल्या पुराव्याला ब्रिटनमधले तपासनीस काही ठरलेले प्रश्न विचारतात, आणि ते कुठेही उपयोगी पडावेत असे आहेत. हा पुरावा जे तपासायचंय त्याचाच आहे का? तो याच माणसाच्या कामाचा आहे का? ताजा आहे का, की आठ वर्षांपूर्वीचा? आणि पुरेसा आहे का? एक भिंत सरळ आली म्हणजे हात बसलेला असतोच असं नाही. तीन वेगवेगळ्या भिंती, त्यांत एक कोपरा, एक खिडकीची बाजू आणि एक अर्ध्या विटेची आडभिंत, सरळ आल्या तर मानायला हरकत नाही.

निकाल लावण्याची पद्धतही शाळेपेक्षा वेगळी आहे. एनव्हीक्यूत पहिला वर्ग, दुसरा वर्ग नसतो. दोनच शेरे: सक्षम, किंवा अजून नाही. त्या "अजून" शब्दाचं मला फार महत्त्व वाटतं. नापास म्हटलं की माणूस घरी जातो. अजून नाही म्हटलं की तपासनीसाला सांगावंच लागतं की काय राहिलंय. आपल्याकडच्या तपासणीत मात्र गुण असतात, लेखी आणि प्रात्यक्षिकाचे वेगवेगळे, आणि अनेक पात्रतांत उत्तीर्ण व्हायला ७० टक्के लागतात. गुण मोजायला सोपे पडतात. पण ७० टक्के सरळ भिंत कुणालाच नको असते. ज्या गोष्टी चुकल्या तर माणूस मरतो, त्या गुणांच्या बेरजेतून बाहेर काढून अनिवार्यच ठेवायला हव्यात, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे एका दिवसात

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात आरपीएलची जी रीत ठरली ती अशी: आधी उमेदवार गोळा करायचे, त्यांच्याशी बोलून कोण कुठल्या कामाला बसेल ते ठरवायचं, मग १२ तासांचं उजळणी-वर्ग, मग तपासणी, मग प्रमाणपत्र. बारा तासांत थोडा धंद्याचा भाग, थोडं बोलणं-वागणं आणि तपासणीत काय विचारतील याची ओळख. शिबिर साइटवर लागू शकतं, मालकाच्या जागेत लागू शकतं, केंद्रावर लागू शकतं.

यातली चांगली बाजू आधी सांगतो. कामगाराला महिनोन्‌महिने रोज बुडवून वर्गात बसावं लागत नाही. रोजावर पोट असलेल्या माणसासाठी ही छोटी गोष्ट नाही. शिवाय शिकवणारा आणि तपासणारा वेगवेगळे असले पाहिजेत, हे तत्त्व इथे आहे. तपासनीस स्वतः प्रशिक्षण घेऊन प्रमाणित झालेला असावा लागतो.

अडचण वेळेची आहे. ब्रिटनमध्ये एका कामगाराच्या मागे तपासनीस काही महिन्यांत अनेकदा येतो. इथे अनेकदा एकाच दिवसात एक अख्खी तुकडी उरकायची असते. हिशेब करून बघा: वीस गवंडी आणि आठ तास म्हणजे प्रत्येकाला चोवीस मिनिटं, जेवणाची सुट्टी धरली तर त्याहून कमी. चोवीस मिनिटांत वीट भिजत नाही, माल आवळत नाही आणि भिंत जेमतेम दुसऱ्या थरावर गेलेली असते. मग तपासनीस काय करतो? थापी धरायची पद्धत बघतो, दोन प्रश्न विचारतो, फोटो काढतो. अनुभवी डोळ्याला थापी धरण्यावरूनही बरंच कळतं, हे खरं आहे. पण ती मिलरची चौथी पायरी नव्हे, तिसरीसुद्धा जेमतेम.

दुसरी अडचण भाषेची आणि ती मला जास्त लागते. मानकं इंग्रजीत लिहिली जातात, मग प्रश्न मराठी-हिंदीत उतरवले जातात. कागदावर "उर्ध्व संरेखन तपासण्यासाठी कोणते उपकरण वापराल?" असं येतं. ज्याने आयुष्यभर ओळंबा हाताळला, तो माणूस हे वाचून घाबरतो. ओळंबा दाखवला की एका सेकंदात उत्तर मिळेल. परांची, पाणसळ, सांधेमोड, गिलावा, दर्जा भरणं (विटांमधले सांधे भरून घेणं) हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या साइटवर आहेत. आयटीआयमध्येसुद्धा जोडारी (फिटर), कातारी (टर्नर), संधाता (वेल्डर), वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन), तारतंत्री (वायरमन) अशी मराठी नावं पाटीवर लिहिलेली असतात. प्रश्न लिहिणाऱ्याने एकदा साइटवर जाऊन तास-दोन तास नुसतं ऐकलं, तरी अर्धे उमेदवार जास्त उत्तीर्ण होतील असं मला वाटतं. आणि तिथे कमी शिकलेल्या माणसाला टॅबलेटवर चार पर्यायांतून एक निवडायला लावणं म्हणजे त्याच्या वाचनाची तपासणी झाली, गवंडीकामाची नाही.

तपासनीसाला कोण तपासतं?

कागदावर विश्वास बसायचा असेल तर हा प्रश्न टाळता येत नाही. ब्रिटनच्या पद्धतीत तीन थर आहेत. तपासनीस काम बघतो. त्याच्या केंद्रातला दुसरा माणूस, अंतर्गत पडताळणी करणारा, त्याच्या निवडक निकालांची फेरतपासणी करतो: कधी त्याच्यासोबत साइटवर जाऊन, कधी फाइल उघडून. त्यावर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडून बाहेरचा पडताळणी करणारा येतो आणि पूर्ण केंद्राचे नमुने बघतो. तपासनीसांना एकत्र बसवून एकाच कामाचा निकाल प्रत्येकाने स्वतंत्रपणे लावायचा आणि मग फरक का पडला यावर बोलायचं, हीदेखील रीत आहे. आपल्याकडे शाळेच्या पेपरतपासणीत मॉडरेटर असतो, तसंच हे, फक्त भिंतीसाठी.

एवढे थर असूनही तिथे गळती झाली, आणि तिचं मूळ पैशात होतं. केंद्राला मिळणाऱ्या निधीचा काही भाग किती जण उत्तीर्ण झाले यावर ठरायला लागला, तेव्हा "अजून नाही" म्हणणं केंद्राला महाग पडू लागलं. तपासनीस प्रामाणिक असला तरी त्याच्या पगाराची वाट उत्तीर्णांच्या आकड्यातून जात असेल, तर त्याच्या पेनावर एक अदृश्य हात असतो. जिथे जिथे लक्ष्य लाखांत ठरतात आणि पैसे डोईमागे मिळतात, तिथे हा धोका आहे. आपली व्यवस्था त्याला अपवाद नाही. फोटोवर वेळ आणि ठिकाण नोंदवणं, चित्रफीत ठेवणं यांनी माणूस तिथे हजर होता हे सिद्ध होतं. त्याला काम येतं हे नाही.

याचा परिणाम बघायचा तर जानेवारी २०२४ मधलं हरियाणातलं रोहतक आठवा. इस्रायलला बांधकाम कामगार पाठवायचे होते: शटरिंगचे सुतार, लोखंड वळवणारे, फरशी बसवणारे आणि गिलावा करणारे. उमेदवारांनी थंडीत रांगा लावल्या आणि इस्रायलहून आलेल्या परीक्षकांसमोर प्रत्यक्ष काम करून दाखवलं. त्याच वर्षी महाराष्ट्रातही अशी फेरी झाली. सौदी अरेबियानेही काही व्यवसायांसाठी व्हिसाच्या आधी भारतातच कौशल्य चाचणी देण्याची अट घातली आहे. आपल्या कागदावर बाहेरचा मालक पूर्ण विसंबत नाही, तो परत भिंतच बघतो. मजूर अड्ड्यावरचा मुकादमही तेच करतो.

आयटीआय आणि जर्मनी, थोडक्यात

दुसरी वाट संस्थेतून जाते. आयटीआयची कारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासूनची. जोडारी, वीजतंत्री यांसारखे व्यवसाय दोन वर्षांचे. तिथे उत्तीर्ण व्हायला प्रात्यक्षिकात ६० टक्के आणि लेखीत ३३ टक्के लागतात, म्हणजे हाताला डोक्यापेक्षा कडक चाळणी आहे, आणि ते योग्य आहे. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात वर्षभर काम केलं की जे प्रमाणपत्र मिळतं, त्याला उद्योगात जास्त मान आहे.

जर्मनीत मुलगा आठवड्यातले काही दिवस कंपनीत आणि काही दिवस व्यवसायशाळेत असतो. १९६९ च्या कायद्याने ही पद्धत बांधली गेली. शेवटची परीक्षा घेणाऱ्या मंडळात मालकांचे, कामगारांचे आणि शिक्षकांचे प्रतिनिधी असतात. कामगारांचे प्रतिनिधी परीक्षा घेतात, हे मला सगळ्यात आवडतं. ज्याला उद्या या मुलाच्या शेजारी परांचीवर उभं राहायचंय, तो त्याला उगाच उत्तीर्ण करत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला. तिथे जाऊ पाहणाऱ्या मुलांना आपली पात्रता तिथल्या पात्रतेशी ताडून घ्यावी लागते. कागद अपुरे असतील, तर काम करून दाखवून आणि तज्ज्ञांशी बोलून कौशल्य सिद्ध करण्याची सोयही जर्मन कायद्यात आहे.

तुमच्या ओळखीचा मिस्त्री तपासणीला जात असेल तर

एक घोळ नेहमी होतो, तो आधी सोडवू. बांधकाम कामगार मंडळात नोंदणीसाठी ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो दाखला काम केल्याचा आहे, काम येत असल्याचा नाही. आरपीएलचं प्रमाणपत्र काम येत असल्याचं आहे, त्याने मंडळाचे लाभ मिळत नाहीत. दोन्ही वेगवेगळे, दोन्ही जपून ठेवावेत. आणि प्रमाणपत्र आलं की रोज आपोआप वाढतो असंही नाही. किमान वेतनाच्या यादीत अकुशल, अर्धकुशल, कुशल असे भाग असतात. कागद हा "मी कुशल भागातला आहे" हे म्हणायचा आधार आहे, म्हणायचं मात्र स्वतःलाच लागतं.

मोबाइल सगळ्यांकडे आहे. दर कामाचे दोन फोटो काढून ठेवायला सांगा: एक काम चालू असतानाचा, स्वतः दिसेल असा, आणि एक ओळंबा लावलेला. साइटचं नाव आणि महिना आवाजात बोलून ठेवला तरी चालतं. जुन्या इंजिनीअरकडून चार ओळी लिहून घ्या: कुठलं काम, किती दिवस, कसं केलं. तपासणीच्या दिवशी आपली स्वतःची थापी आणि ओळंबा घेऊन जावा, परक्या हत्यारावर हात बसत नाही. प्रश्न कळला नाही तर "हे साइटवर कशाला म्हणतात?" असं बेधडक विचारावं. तपासनीसाने वस्तू दाखवून विचारावं, अशी मागणी करण्यात कमीपणा नाही.

निकाल आला की नुसता शेरा घेऊन परतू नये, कुठल्या मानकात किती मिळालं ते मागावं. बऱ्याच अनुभवी गवंड्यांचं वीटकाम उत्तम भरतं आणि ते अडतात सुरक्षेच्या भागात. उंचीवर काम करताना पट्टा कसा बांधायचा, कुठे अडकवायचा हे त्यांना करून दाखवता येत नाही. कारण साधं आहे: वीस वर्षांत कुठल्याच साइटवर त्यांना पट्टा मिळालेला नसतो. पात्रता घटकांत वाटलेली असते ती यासाठीच, की राहिलेला एवढाच भाग सुटा दिसावा. परत तपासणीला बसण्याआधी त्या माणसाला महिनाभर तो पट्टा रोज वापरायला मिळाला पाहिजे, आणि तो आणून देण्याचं काम त्याचं नाही, ठेकेदाराचं आहे.